बैलाचं अस्तर

झुल्मिरा कुऱ्हाडीचा दांडा मांडीखाली दाबून बसायची, पातं वर. पात्यावर बाबासू ताडाचं फळ धरून लाकडी दांडक्यानं ठोका घातला की आतल्या बिया टणकन उडायच्या. मारान्याँव प्रांतात गावोगावच्या बायका असंच फोडतात. पण ठोक्याच्या तालावर नवऱ्याला टोमणे मारणं तिलाच जमे.

"मान खाली, आनाक्लेतो. नाचायचंय ना?"

संत जॉनच्या सणाला आनाक्लेतो मखमली बैलाच्या सांगाड्यात शिरून नाचायचा, लग्नाआधीपासून. यंदा मानेवर नायटा उठला. भर तालमीत बैल थांबून खाजवू लागला, तेव्हा म्होरक्या लिबानियोनं सांगून टाकलं, "सणापर्यंत मान बरी झाली तर ठीक. नाहीतर बेलार्मिनो नाचेल." बेलार्मिनो म्हणजे आनाक्लेतोचा चुलतभाऊ. आनाक्लेतोला त्या दिवशी मासळीही गोड लागेना.

झुल्मिरा त्याला बियांचं तेल चोळायची. दवाखान्यातली नर्सही म्हणाली होती, "चोळा. त्या तेलातलं मेदाम्ल बुरशीचं आवरण फाडतं, तिला वाढू देत नाही. कितीतरी जंतूंचंही तेच होतं. जोडीला हे मलम लावा."

नायटा फिका पडायचा. तालीम झाली की पुन्हा लाल.

"तुझं तेलच पुचाट."

"तुझी मानच हट्टी."

मग एकदा आनाक्लेतोऐवजी बेलार्मिनोनं तालीम केली. थोड्याच दिवसांत तो दारात उभा, मान खाजवत. "वहिनी, जरासं तेल द्याल?"

झुल्मिराचं दांडकं हवेतच राहिलं. ती उठली ती थेट लिबानियोकडे.

"दादा, बैलाचं आतलं अस्तर कधी धुतलंत?"

"धुवायचं?" लिबानियोनं छातीवर क्रूस काढला. "वरची मखमल दर वर्षी नवी. अस्तर मात्र तेच. माझ्या आजाचा घाम आहे त्यात!"

"आणि त्या घामात बुरशी. बरं, बैलाचा बाप्तिस्मा होतो ना? यंदा धर्ममाता कोण?"

"तूच. पण तो सणाच्या आदल्या संध्याकाळी."

"आजारी लेकराचा बाप्तिस्मा लगेच उरकतात. हे लेकरू आजारी आहे."

लिबानियोनं अस्तराचे टाके उसवायला घेतले.

दुसऱ्याच सकाळी नदीवर बाप्तिस्मा झाला. लिबानियो स्तोत्र म्हणत होता आणि झुल्मिरा बियांच्या तेलाच्या साबणानं अस्तर घासत होती. पाणी काळं वाहिलं. "आजोबा चालले," बेलार्मिनो म्हणाला. लिबानियोलाही हसू आवरलं नाही. मग अस्तर कडक उन्हात वाळवलं. तेल आणि मलम दोघांनाही चालूच होतं.

सणाला ढोल वाजले. बैल गिरक्या घेत झुल्मिरासमोर आला आणि वाकला.

"आत नुसता साबणाचा वास येतोय गं," बैल कुजबुजला.

"मान कशी आहे?"

"गप्प आहे."

"मग तूही गप्प नाच."