प्रवासाची हळद

काळजी करावी ती रत्नप्रभाबाईंनीच, हे यवतमाळच्या त्या अख्ख्या कॉलनीला मान्य होतं. शेजारणीच्या घरात दूध उतू गेल्याचा वास आला तरी यांच्या छातीत धडधड व्हायची. यजमान श्रीकृष्णराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा "आता हे दिवसभर घरात राहणार" या काळजीने बाईंचं वजन घटलं होतं म्हणतात. अशा बाईला मुलाने फोन करून सांगितलं, "आई, या सुट्टीत आपण सगळे पोर्तुगालला जाऊ," म्हणजे वाळल्या गंजीवर काडी टाकण्यातलाच प्रकार.

साकेत पुण्यात नोकरीला. त्याची बायको नीमा टांझानियाची. फार्मसी शिकायला पुण्यात आली आणि तिथलीच झाली. लग्नाची बातमी आली तेव्हा बाईंनी दोन दिवस अन्नाला हात लावला नव्हता. तिसऱ्या दिवशी सुनेचं नाव कळलं आणि त्या उठून बसल्या. "नाव तरी आपल्यातलंच निघालं," म्हणाल्या, आणि जेवल्या.

पुढे सून घरी आली आणि वेगळीच पंचाईत झाली. नीमा मराठी शिकली ती पुण्याच्या घरमालकीणबाईंकडून. शेजारच्या सुखीबाईंना तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "काकू, आपण चहा घेणार का?" सुखीबाईंना जन्मात कोणी "आपण" म्हटलं नव्हतं. त्यांनी मागे वळून पाहिलं, आणखी कोणी उभं आहे का म्हणून. नंतर हळूच रत्नप्रभाबाईंना म्हणाल्या, "माय व, एवढं शुद्ध त आपल्या कलेक्टर हापिसात बी कोणी बोलत नाई. मले त तिच्यापुढं तोंड उघडाची लाज वाटून राह्यली."

तर पोर्तुगाल. फोनवर बोलता बोलता साकेतच्या तोंडून एक गोष्ट निसटली. मागच्या वर्षी एका परदेशी विमानतळावर तो सामान आणायला गेला असताना नीमाला बाजूला घेतलं आणि विचारलं, हे लेकरू तुमचंच कशावरून? सहा वर्षांच्या लेकीला, गुंजनलाही विचारलं, ही बाई तुझी कोण? गुंजनचा रंग आईइतका काळा नाही, बापासारखा गव्हाळ नाही. केस मात्र आईचे, कुरळे आणि दाट, कंगव्याला हार न जाणारे. बाईंना त्या रात्री झोप आली नाही. विमान पडेल, पासपोर्ट हरवेल या नेहमीच्या काळज्या त्यांनी बाजूला सारल्या. एकच धरून ठेवली: आपल्या नातीला पुन्हा कोणी असं विचारता कामा नये.

सल्ले द्यायला कॉलनी तयारच होती. सुखीबाई म्हणाल्या, "तिकडं गोऱ्यायच्या हाटेलात काळ्या माणसाले येगळं बसवते म्हणते." श्रीकृष्णरावांनी पेपर खाली ठेवला. "पोर्तुगीज! त्यायनं गोव्यात काय केलं माहीत हाय ना?"

"गोव्याचं जाऊ द्या हो, आपल्या पोट्टीचं बोला," बाई कळवळून म्हणाल्या.

मग श्रीकृष्णरावांनी तालीम सुरू केली. जेवणाच्या टेबलामागे टोपी घालून ते गोरा साहेब होऊन बसत आणि बाई पिशवी घेऊन समोर उभ्या राहत.

"हूज चाइल्ड?" साहेब गुरकावत.

"माय चाइल्डचं चाइल्ड," बाई म्हणत.

"व्हॉट इन बॅग?"

"लोणचं."

"अवं, लोणचं न्याचं नाई म्हणून सांगतलं ना तुले!" साहेब टोपी काढून ओरडत, आणि तिथे तालीम संपून रोजचं भांडण सुरू होई. स्वतःसाठी मात्र रावांनी एक भाषण पाठ करून ठेवलं होतं. कोणी काही बोललंच, तर ते ठोकायचं.

निघण्याआधी आठवडाभर गुंजन आजीकडे यवतमाळला राहायला आली. एका संध्याकाळी केसांना तेल लावून घेताना तिने आरशातून विचारलं, "आजी, मी कोणासारखी दिसते?"

बाईंनी आरशात आधी स्वतःकडेच पाहिलं. त्या स्वतः सावळ्या, म्हणजे लग्नाच्या बाजारात चक्क काळ्याच. पाहुणे पाहायला यायचे, पोहे खायचे, आणि "कळवतो" म्हणून जायचे. दरवेळी आदल्या रात्री आई त्यांना हळद-बेसन चोळायची. कातडी सोलून निघेल अशी चोळायची आणि स्वतः रडायची. रंग काही उजळला नाही. श्रीकृष्णराव पाहायला आले तेव्हा चहाचा ट्रे धरलेले हात मनगटापर्यंत पिवळेजर्द होते. पोरीने सगळा स्वयंपाक एकटीने केला असावा, असं रावांना वाटलं आणि त्यांनी होकार दिला. हे त्यांनी लग्नानंतर सांगितलं. पण हळदीनेच काम केलं, हे बाईंच्या मनात तोवर पक्कं बसलं होतं.

तो समज त्यांनी पुढे कधी तपासला नाही. माणूस शंभर गोष्टींची काळजी करतो आणि नेमकी एक तपासायची राहून जाते.

त्या रात्री बाईंनी डबा काढला. त्यांचं माहेर ढाणकीचं, हळद घरच्या शेतातली, उकडून वाळवून भाऊ दरवर्षी दळून पाठवायचा. दुकानच्या हळदीत हळद किती आणि पीठ किती हे दुकानदारालाच ठाऊक. पण या हळदीचं बोट भिंतीला लागलं तर पुढची दिवाळी येईपर्यंत पुसलं जात नसे. साय, बेसन आणि ती हळद कालवून बाईंनी नातीला चोळायला घेतलं. पोरगी थोडी बापाच्या रंगाला लागली, तर कोण विचारतं कोणाची म्हणून? त्यांचा हिशेब इतका साधा होता. गुंजनला गुदगुल्या होत होत्या, ती खिदळत होती. रोज रात्री हा कार्यक्रम चालला. मुंबईच्या लॉजमध्ये, विमानाच्या दिवशी सकाळी, शेवटचा हात चालू असताना दार उघडून नीमा आत आली.

"आई, हे काय करताय?"

बाईंनी वाटी मागे सरकवली. खोटं बोलायची सवय नव्हती, म्हणून जे तोंडात आलं ते बोलल्या. "हळद लावून राह्यली. आपल्यात परवासाले निघताना लावते. सुखरूप परत येते मानूस."

असली कुठली चाल त्यांच्या घरात नव्हती, कोणाच्याच घरात नसावी. नीमा क्षणभर गुंजनच्या पिवळ्या मानेकडे बघत राहिली. मग बाथरूममध्ये गेली. तोंड धुऊन बाहेर आली, पलंगावर बसली आणि दोन्ही तळवे पुढे केले.

"मग मलाही लावा."

आता काय करता! बाईंनी लावली. सुनेचे लांब काळे हात, आतून गुलाबी, आणि त्यावर ढाणकीची हळद. बाईंचे स्वतःचे हात आठवडाभराच्या चोळण्याने नखांच्या मुळापर्यंत माखलेलेच होते. साकेत आणि श्रीकृष्णराव तेव्हा खाली टॅक्सीवाल्याशी वाद घालत होते, म्हणून ते वाचले. अर्थात, वाचले असं तेव्हा वाटलं.

लिस्बनला उतरल्यावर काचेमागे दाढीवाला तरुण अधिकारी बसला होता. बाईंनी मनातल्या मनात मारुतीचा धावा सुरू केला. गुंजनने उंच होऊन काचेवर दोन्ही तळवे टेकवले. काढले तेव्हा काचेवर दोन पिवळे पंजे उमटले होते.

अधिकारी पंज्यांकडे बघत राहिला. मग गुंजनच्या मानेकडे, कानांकडे. मग त्याने बाईंचे पासपोर्ट धरलेले हात पाहिले, नखं पाहिली. त्याने फोन उचलला, हळू काहीतरी बोलला आणि सगळ्यांना बाजूच्या खोलीत चलायची खूण केली.

"झालं! बसवलं आपल्याले येगळं!" बाई मटकन खुर्चीत बसल्या. ज्याला भीत होतो तेच पुढ्यात आलं.

श्रीकृष्णराव मात्र उभे राहिले. इतक्या दिवसांची तालीम वाया जाते की काय, अशी त्यांना उगाच धाकधूक होती. "सर!" ते गरजले. "वुई आर रिस्पेक्टेबल फॅमिली! माय डॉटर-इन-लॉ इज फार्मासिस्ट! आय ॲम रिटायर्ड फ्रॉम इरिगेशन!" अधिकाऱ्याने आदराने मान हलवली आणि त्यांना पाण्याचा पेला दिला. पाणी पिऊन घेईपर्यंत पुढचं वाक्य रावांच्या डोक्यातून गेलं होतं.

इतक्यात डॉक्टरीण आली. तिने गुंजनच्या डोळ्यांत बॅटरी मारली, जीभ बघितली, कपाळाला हात लावला. मग बाईंचे डोळे, जीभ, कपाळ. मग नीमाचे तळवे. नीमाच तिच्याशी बोलत होती, इंग्रजीत, सावकाश. डॉक्टरणीने गुंजनचा हात नाकाशी नेला, वास घेतला आणि खो खो हसत सुटली. कावीळ! अख्ख्या घराला साथीची कावीळ झाली, असं त्या दाढीवाल्या पोराला वाटलं होतं बिचाऱ्याला.

तो ओशाळला. तिघींचे पिवळे हात बघून त्याने तीन पासपोर्टांवर धडाधड शिक्के मारले. कोण कोणाची हे विचारलंच नाही. मग त्याची नजर साकेतच्या आणि श्रीकृष्णरावांच्या स्वच्छ तळहातांवर गेली. त्याने नीमाला विचारलं, हे दोघे तुमच्यासोबत आहेत का?

नीमाने दोघांना आपादमस्तक न्याहाळलं. "नक्की आठवत नाही," ती मराठीत म्हणाली. अधिकाऱ्याला काही कळलं नाही, आणि साकेतला बॅग उपसून लग्नाचा दाखला, गुंजनचा जन्माचा दाखला, सगळं काढून दाखवावं लागलं.

प्रवास तसा बरा झाला. वाईट वागणारा एकच भेटला. एका दुकानात मालक नीमाच्या मागे मागे फिरायला लागला, ती काही खिशात घालते की काय म्हणून. बाईंना ते कळायला वेळ लागला नाही. लग्नाच्या वयात माहेरी गोऱ्या पोरींमध्ये उभं राहिल्यावर आपल्यावर अशीच नजर पडायची, ती त्यांना पाठ होती. त्या काही बोलल्या नाहीत. कमरेवर हात ठेवून त्या मालकाच्या मागे फिरायला लागल्या. तो नीमाच्या मागे, बाई त्याच्या मागे, या कपाटापासून त्या कपाटापर्यंत. शेवटी त्याने वळून विचारलं, काय हवंय? बाई म्हणाल्या, "तुले काय पायजे ते पायतो." भाषा कळली नाही, पण तो गल्ल्यामागे जाऊन बसला.

बाहेर येऊन सासू-सून नदीकाठच्या बाकावर बसल्या. बाईंना राहवेना.

"नीमा, त्या डाक्टरणीले तू काय सांगतलं वं?"

"तुम्ही मुंबईत सांगितलंत तेच. आमच्या घरी प्रवासाला निघताना आजी सगळ्यांना हळद लावतात, सुखरूप परत यावं म्हणून."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "खोटं सांगतलं मी तुले. मी तिले उजळाले लावत होती."

"मला माहीत आहे," नीमा म्हणाली. "आमच्या घरमालकीणबाई दर दिवाळीला माझ्या दाराशी उटण्याची पुडी ठेवायच्या. 'रंग खुलतो हो,' म्हणायच्या. फार प्रेमळ होत्या."

"मंग माह्यावर रागावली काहून नाई?"

"रागावले की. बाथरूममध्ये जाऊन रागावले. खूप." नीमाने आपले तळवे बघितले, अजून पिवळे होते. "मग बाहेर आले. गुंजनला वाटायला नको की हे फक्त तिलाच लावावं लागतं."

आई हळद चोळायची तेव्हा आपल्यासोबत कोणीतरी हात पुढे केला असता, आईने स्वतःच्या गालाला जरी लावली असती, तरी किती बरं वाटलं असतं, एवढंच बाईंच्या मनात आलं आणि त्या पदराने डोळे पुसत राहिल्या.

"आता आई, तुम्ही चाल सांगून बसलात," नीमा म्हणाली. "मोडता येणार नाही. सगळ्यांना लावावी लागेल."

दिवाळीनंतर तुळशीचं लग्न लागलं तशी मंडळी यवतमाळला आली आणि पांढरकवड्याला एका लग्नाला निघाली. गाडी दारात उभी. बाई वाटी घेऊन बाहेर आल्या. साकेतचे तळवे झाले, नीमाचे झाले. श्रीकृष्णराव नवा सदरा जपत पळत होते, त्यांच्या टकलाला गुंजननेच बोट लावलं. मग गुंजनने दोन्ही हात पुढे केले, आणि आपले लावून झाल्यावर आजीच्या हातांना लावले.

सुखीबाई कुंपणावरून बघत होत्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "रत्ना, एवढी हळद लावून बी पोट्टी काई उजळली नाई व."

"उजळाले नाई लावत, बाप्पा," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "सारे घरी परत याले लावतो. तू कुठं जाऊन राह्यली काय? आन हात."

सुखीबाई फक्त बाजारात निघाल्या होत्या. त्यांनी जरा विचार केला, आणि पिशवी काखेत मारून कुंपणावरून दोन्ही हात पुढे केले.