न उमलणारे कळे

इस्पितळाच्या शिवणखोलीत त्यांनी एकतीस वर्षं चादरी आणि गाऊन शिवले, पण नाव पडलं ते कात्रीबाई. कुठे धागा लोंबताना दिसला की हात आपोआप कात्रीकडे जायचा. एकदा तपासणीला आलेल्या मोठ्या डॉक्टरांच्या बाहीचा धागा त्यांनी बोलता बोलता कापला, आणि डॉक्टर निमूट दुसराही हात पुढे करून उभे राहिले.

निवृत्तीनंतर त्या कात्रीच्या तावडीत परसातली एकच कुंडी सापडली. कुंडीत रानव्हायोलेट होतं. बदामी आकाराची पानं, आणि थंडी सरताना त्यांच्याआडून डोकावणारी जांभळी फुलं. वनरक्षक नवऱ्यानं लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ते जेवणाच्या डब्यातून आणलं होतं.

"डबा धुऊन आणायचा सोडून माती भरून आणलीत?"

"माती नाही, कुजलेला पालापाचोळा आहे. याला हाच लागतो. शेणखत घालशील तर नुसती पानं माजतील."

तो होता तोवर कुंडी त्याच्याच हातात असायची. नवं रोप उगवलं की तो ते पुन्हा डब्यात घालून रानात लावून यायचा. "माहेरी पोचवून आलो," म्हणायचा.

आता तो नव्हता, आणि ते रानही धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं. त्यातलं उरलं होतं ते या कुंडीत. पण ठोंब म्हातारा झाला होता. त्या वर्षी चारच फुलं आली, आणि बी तर कित्येक वर्षांत धरलं नव्हतं. फुलं सरली की उन्हाळ्यात पानांच्या बुडाशी हिरवट, मिटलेले कळे यायचे. ते कधीच उमलायचे नाहीत. किडके समजून कात्रीबाई ते नेमानं छाटायच्या.

"असू द्या की, आई," सून म्हणायची.

"उमलायचंच नसेल तर जागा कशाला अडवायची?"

"मग मलाही उद्यापासून लवकर उठायला हवं, नाहीतर कात्री माझ्यावरच."

त्याच उन्हाळ्यात न्हाणीघरात पाय घसरला आणि कात्रीबाईंचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. कात्री धरता येईना, म्हणून त्या कुंडीपाशी स्टूल टाकून कळ्यांकडे नुसत्या बघत बसू लागल्या. कळे उमलले नाहीत, फुगले. मग एका दुपारी त्यातला एक तीन फाकांत उकलला. प्रत्येक फाकेत खसखशीहून जरा मोठे दाणे होते, ओळीनं बसवल्यासारखे.

त्यांनी स्टूल आणखी जवळ ओढलं.

"किती वर्षं कापत होते गं मी?" संध्याकाळी त्यांनी सुनेला विचारलं.

सुनेनं मनात हिशेब केला, पण आकडा सांगितला नाही. "या मिटल्या कळ्यांतच बी असतं, हे बाबांना तरी कुठे ठाऊक असेल?"

"त्यांना असणारच. मीच कधी विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी दाणे वेचायला गेल्या तर बाकीचे कळेही उकलले होते आणि सगळ्या फाका रिकाम्या. मुंग्यांची रांग एकेक दाणा घेऊन भिंतीपलीकडे चालली होती. त्या थंडीत ठोंबही गेला. कात्रीबाईंनी कुंडी पालथी घातली आणि परसात जाणंच सोडलं.

थंडी ओसरल्यावर शेजारचे निवृत्त बसचालक भिंतीवरून डोकावले. "वहिनी, माझ्या पुढच्या पायरीच्या फटीत तुमच्या कुंडीतल्यासारखी पानं आलीत. उपटू का?"

"हात लावू नका."

त्या अनवाणीच पलीकडे गेल्या. सात रोपं होती, नखाएवढी. त्यांनी ती दोनदा मोजली.

"न्या उकरून," चालक म्हणाले.

"मुळं दगडाखाली गेलीत. ओढली तर मरतील. तुम्ही या पायरीवरून जाऊ नका, म्हणजे झालं."

"मग घरात शिरू कुठून?"

"मागच्या दारानं."

चालकांनी रोपांकडे पाहिलं, मग कात्रीबाईंकडे. "तीस वर्षं मी लोकांना पुढच्या दारानं उतरा म्हणत आलो," ते म्हणाले, आणि घराला वळसा घालून आत गेले.

आज चालकांकडे येणारा प्रत्येक पाहुणा तसाच वळसा घालतो. कुणी चुकून पुढून आलाच, तर शेजारच्या खिडकीतून हाक येते.