ताटाच्या कडेची खिचडी

माझी लेक नऊ वर्षांची आहे. ती स्वमग्न आहे आणि बोलत नाही. चार वर्षांची असताना ती फक्त पांढरा भात खायची. भाताला वरणाचा थेंब लागला तरी ताट भिरकावून द्यायची. मी ग्रंथालयात नोकरी करतो, त्यामुळे या विषयावरचं मिळेल ते वाचून काढलं. काही पुस्तकांत होतं की गहू बंद करा, दूध बंद करा. काहींत होतं की त्याला पुरावा नाही. पत्नीने माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अहो, जी खातच नाही, तिचं बंद काय करायचं?"

कॉलेज रोडवरच्या एका आहारतज्ज्ञ बाईंनी पत्नीला साधी वाट दाखवली. भाताच्या कडेला चमचाभर मुगाची खिचडी ठेवायची. आग्रह करायचा नाही, कौतुकही नाही. आपलं ताट घेऊन शेजारी बसायचं आणि जेवायचं. पत्नीने ते रोज केलं, सणावारीसुद्धा. खिचडी मऊ, हळद नाही, मोहरी नाही. कित्येक महिने ती तशीच परत यायची. मी लेकीकडे टक लावून बसलो की पत्नी दटावायची, "बघू नका हो तिच्याकडे. कोणी बघत बसलं तर तुम्हाला तरी जेवण जाईल का?"

मग कधीतरी लेकीने खिचडीला बोट लावलं. पुढे वास घेतला. एका दुपारी ग्रंथालयात फोन आला. "चाटलं! अहो, चाटलं तिने!" मी पुस्तकांच्या कपाटांमागे जाऊन थोडा वेळ उभा राहिलो.

खिचडीनंतर भाकरीचा पापुद्रा आला, मग उकडलेला बटाटा, मग केळं. डॉक्टर म्हणाले, रक्त वाढलंय. एवढ्याला पाच वर्षं लागली.

या पावसाळ्याच्या शेवटी पत्नी गेली. सकाळी छातीत दुखलं, दुपारी ती नव्हती.

सुतक म्हणून घरात गॅस पेटला नाही. जेवण शेजारून, नातेवाइकांकडून यायचं. पिवळी खिचडी, पिठलं, मसालेभात. लेक ओठ मिटून बसायची. शेजारच्या काकूंनी मुद्दाम साधा भात पाठवला, पण तो मोकळा शिजलेला होता. तिने त्यातला निम्मा थुंकून टाकला. तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली. लासलगावहून आलेली माझी आत्या घास घेऊन तिच्यामागे फिरायची.

"एक घास चिऊचा, एक घास काऊचा... खाय ना गं बाई!"

लेक कानांवर हात ठेवून किंचाळायची.

"लय लाड केले हिचे तिनं," आत्या म्हणाली. "भूक लागली का खाईल गुमान."

"आत्या, हिला तशी भूक कळत नाही."

"भूक कोणाला कळत नाय रे?"



दहाव्याला लेकीला काकूंपाशी ठेवून आम्ही गोदाकाठी गेलो. पिंड मांडले. कावळे भिंतीवर बसून होते, खाली येईनात. मेहुण्याने पिंडाशेजारी शेव ठेवली, बहिणीला आवडायची म्हणून. कोणी चहाचा कप आणून ठेवला. "पोरीचं नीट करीन म्हणा," मेहुणा माझ्या कानाशी म्हणाला. मी म्हणालो. कावळा हलला नाही. तेव्हा गुरुजी म्हणाले, "मागे सरका बरं सगळे. माणसं बघत बसली की येत नाही तो."

सगळे मुकाट मागे सरकले. आत्यानेसुद्धा डोक्यावर पदर घेऊन नदीकडे तोंड केलं. कावळ्याला इतकं समजून घेणारी ती माणसं प्रेमळच होती. त्यांतल्याच बायकांनी सकाळी घास घेऊन माझ्या लेकीला घेरलं होतं. कावळा शिवला, असं मागून कोणीतरी सांगितलं. मी पाहिलं नाही. मी रिक्षा शोधत होतो.

काकूंकडून लेकीला घेऊन मी घरी आलो आणि गॅस पेटवला. मागोमाग आलेली आत्या दारातच थबकली. "आरे, तेरावं व्हायचंय अजून!"

"आत्या, सगळ्यांना घेऊन बाहेरच्या खोलीत बस. आणि आत कोणी बघायचं नाही."

ती माझ्याकडे पाहून बाहेर गेली.

मी भात लावला, पत्नी लावायची तसा मऊ. मुगाची खिचडी केली. ताट लेकीसमोर ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून माझं ताट घेऊन बसलो. बराच वेळ काहीच नाही. मग ताटावर बोटं घासल्याचा आवाज आला. ती जेवत होती.

वळून पाहिलं तेव्हा भात संपला होता. खिचडी तिने ताटाबाहेर, फरशीवर काढून ठेवली होती. भाकरीचं आणि बटाट्याचंही पुढे तेच झालं. केळं तर ती हातातही घेत नाही. आईने तिच्यासाठी जेवढं मिळवलं होतं, ते आईबरोबर गेलं.

आता ती भातावर आहे. आहारतज्ज्ञ बाई म्हणतात, पुन्हा सुरुवातीपासून करू. मी ताटाच्या कडेला चमचाभर खिचडी ठेवतो आणि बघत नाही. ती उरते. ताट उचलताना मी ती खाऊन टाकतो. मूग तेच, पाणी तेवढंच, मीठ तेवढंच. पण ही ती खिचडी नव्हे, हे मलाही पहिल्याच घासाला कळतं.