डब्यात परत ठेवलेला तिळगूळ

ज्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसले, तो प्रश्न साधा आहे: संक्रांतीच्या त्या दिवशी आमच्या तळावर पाहुणे कोण होते?

घडलं ते असं. शहरातून आलेल्या एका बाईंनी माझ्या आईच्या हातून तिळाचा लाडू घेतला. तोंडाजवळ नेला. फोटो निघेपर्यंत तसाच धरला. मग तो परत आईच्या डब्यात ठेवला आणि हसून म्हणाल्या, "राहू द्या मावशी, तुमच्याच मुलांना होईल."

आईने झाकण लावलं.

आता क्रमाने सांगते. आमचं गाव शेवगाव तालुक्यातलं. शेत होतं, पाणी नव्हतं. दिवाळी झाली की आई-वडील ऊसतोडीला निघत आणि मी त्यांच्याबरोबर. कोपरगावकडच्या एका साखर कारखान्याजवळच्या माळावर आमच्या टोळीचा तळ पडे. बांबूच्या चटया आणि प्लास्टिकचा कागद यांच्या खोपी. खोपीसमोर बैल. हंगाम संपेपर्यंत तेच आमचं घर. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

मी तेव्हा चौथीत होते. शहरातल्या एका मंडळाचे स्वयंसेवक तळावरच्या मुलांसाठी संक्रांतीचा कार्यक्रम करणार, असं टोळीच्या मुकादमाने सांगितलं. आदल्या संध्याकाळी आई उसाच्या फडातून आली ती थेट चुलीपाशी बसली. तीळ भाजले, गूळ ठेवला. शेजारच्या खोपीतल्या काकूंनी डोकावून पाहिलं.

"त्यांच्याकडं काय कमी हाय व्हय गं? टेम्पो भरून आनत्यात म्हनं."

"आनू दे की," आई म्हणाली. "पन सणाच्या दिशी दारी आलेल्याच्या हातावर काय ठिवायचं मग? कोयता?"

दोघी खूप हसल्या.

सकाळी आईने खोपीसमोर शेणाचा सडा घातला. माझी वेणी इतकी घट्ट घातली की डोळे ताणले गेले. टेम्पो आला. त्यांनी आमच्या सड्यावर सतरंज्या अंथरल्या, समोर खुर्च्या मांडल्या. खुर्च्या त्यांच्यासाठी होत्या. माइकवरून आवाज आला, "आजच्या आपल्या छोट्या पाहुण्यांनी पटापट बसून घ्यायचं!"

आम्ही मागे वळून पाहिलं. पाहुणे कुठे आहेत ते आम्हाला कळेना.

कार्यक्रम चांगला झाला. खोटं कशाला सांगू? एकाने जादूचे खेळ केले, पतंग वाटले, आम्ही पोट दुखेपर्यंत हसलो. मग त्यांनी पुडीतला तिळगूळ बायकांच्या हातावर ठेवला. आईने तो तिथेच तोंडात टाकला आणि आपला डबा उघडला. तिळगूळ एका बाजूने द्यायचा नसतो. ज्याने दिला त्याच्या हातावर आपला ठेवायचा असतो, आणि त्याने तो खायचा असतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि त्यांनाही शिकवावं लागेल, असं तिला वाटलं नव्हतं.

त्यानंतर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

मग दप्तरांचं वाटप सुरू झालं. लाल, दोन कप्प्यांची, पट्ट्यांची दप्तरं. माझं दप्तर म्हणजे खताची पिशवी, आईने कडा शिवलेली. मला ते लाल दप्तर हवं होतं. इतकं, की रांगेत मी मनातल्या मनात त्यात पुस्तकं लावत होते.

माझी पाळी आली. त्याच बाई. दप्तर पुढे. फोटोवाला तयार.

मी म्हणाले, "आधी आयेचा तिळगूळ खावा."

"अय्या, किती गोड आहे ही!" बाई माइकमध्ये म्हणाल्या. "टाळ्या वाजवा हिच्यासाठी!"

टाळ्या वाजल्या.

"मग खाता का?"

त्यांनी माइक बाजूला केला. आवाज खाली आणला. "बाळा, आम्ही बाहेरचं खात नाही."

मी आमच्या खोपीकडे पाहिलं. इथून ती दिसत होती. चूलही दिसत होती. सडा त्यांच्या बुटांखाली होता. बाहेरचं.

मुकादम ओरडला, "ए पोरी, घे अन् हो म्होरं! नखरं करती व्हय? पुढल्या साली येतील का ही मान्सं?"

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले. बाईंनी दप्तर माझ्या मागच्या मुलीला दिलं. रांग पुढे सरकली.

टेम्पो गेल्यावर आई म्हणाली, "घ्यायचं हुतंस. साळंला लागलं असतं." एवढंच. तिने मला जवळ घेतलं नाही, शाबासकी दिली नाही. डबा उघडला. परत आलेला लाडू वरच होता. तो तिने उचलून बैलापुढे टाकला. बाकीचे आम्ही खाल्ले. पुढची दोन वर्षं मी खताची पिशवी वापरली. पावसात पुस्तकं भिजली. हे सगळं त्या नकाराच्या हिशोबात धरायला हवं. नकार फुकट मिळत नाही.

आज मी त्याच भागात शिक्षिका आहे. हंगामात तळावरची मुलं माझ्या वर्गात येतात. गेल्या डिसेंबरात एका मंडळाचा फोन आला: मुलांसाठी संक्रांत साजरी करायची आहे, स्वेटर वाटायचे आहेत. मी म्हणाले, अवश्य या. आमच्या तळावरच्या बायका स्वयंपाक करतील. एका पंगतीत बसायचं, त्यांनी वाढलेलं खायचं, फोटो काढायचे नाहीत. पलीकडचे गृहस्थ सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, एवढं नाही जमणार. आमच्या लोकांना पोटाचा त्रास होतो."

ते आले नाहीत. स्वेटर आले नाहीत. जानेवारीत मुलं वर्गात कुडकुडत होती आणि त्यांच्याकडे पाहून शिकवणं मला सोपं गेलं नाही. एका आईने दारात उभं राहून विचारलंही, "बाई, तुमीच नगं म्हनला म्हनं?"

"व्हय," मी म्हणाले. "मीच."

पुढचा फोन आला तरी मी याच अटी सांगणार आहे. त्याच शब्दांत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं आहे: पाहुणे ते होते. घर आमचं होतं. पण माझ्या शब्दावर विसंबू नका. पुढच्या वेळी कुठे काही वाटायला जाल तेव्हा तिथल्या बाईने हातावर ठेवलेलं तिच्यासमोर खाऊन पाहा. मी सांगते ते बरोबर की चूक, हे तुमचं तुम्ही तपासा.