मामांच्या तळ्यातला मास्तर

माशांच्या बाबतीत माझ्या बायकोच्या थोरल्या मामांइतका जाणकार आणि माशांच्याच बाबतीत त्यांच्याइतका वेडा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात सापडणार नाही, हे मी कुणाशीही पैज लावून सांगायला तयार आहे. जाणकार असे, की कालवणाच्या नुसत्या वासावरून मासा कुठला, खाडीचा की समुद्राचा, आणि मसाला घरचा की विकतचा हे ते उंबऱ्यातूनच सांगायचे. आणि वेडे असे, की जन्माने आगरी, अंगाने चांगले भरभक्कम, पण तब्बल सात वर्षं त्यांनी माशाचा तुकडा तोंडात घातलेला नव्हता. आमच्याकडे माणसाने दारू सोडली, तंबाखू सोडली, तर लोक कौतुक करतात. मासे सोडले, की त्याला नक्की काहीतरी झालंय अशी गावाची खात्री पटते. माझ्या सासूबाईंनी, म्हणजे मामांच्या थोरल्या बहिणीने, तर भावाची दृष्टच काढली. ती काढताना मीठ-मोहरीबरोबर त्यांनी दोन सुके बोंबीलही ओवाळले, हे मात्र मामांना फार लागलं. चार दिवस बहिणीशी बोलले नाहीत.

या सगळ्याचं कारण म्हणजे त्यांच्या परसातलं तळं. मामांचं घर भिवंडीजवळ राहनाळला. एके काळी घराच्या चारी बाजूंना भाताची शेतं होती, आता चारी बाजूंना गोडाऊन आहेत. मामांनीही शेत गोडाऊनला दिलं, पण तळ्याला हात लावू दिला नाही. तळं तरी कसलं, आजोबांच्या वेळी घराच्या भिंतींना माती काढली त्याचा तो खड्डा. खाली झरा लागला आणि खड्ड्याचं तळं झालं. शेजारच्या गोडाऊनच्या मॅनेजरची बदली झाली, तेव्हा तो जाताना प्लास्टिकच्या पिंपातून चार रंगीत जपानी मासे मामांकडे सोडून गेला. कोई म्हणतात त्यांना. लाल, केशरी, पांढरे, ठिपक्यांचे. "पाळा नाहीतर खा," असं सांगून मॅनेजर गाडीत बसला. मामांनी अर्थातच दुसरा मार्ग पत्करला. मामींनी वाटण वाटलं, मामा विळी मांडून पिंपापाशी बसले, आणि पाण्यात हात घातला तर मासा पळायचं सोडून त्यांची बोटं चोखायला लागला. मामा ओरडले, "अगो, माजी बोटं चोखतंय! पोरासारखं!" त्या दिवशी ते वाटण वांग्यांना लागलं आणि मासे तळ्यात गेले.

पुढे त्या चारांचे अकरा झाले. भिवंडीतल्या फिश टँकच्या दुकानदाराने मामांना फिल्टर, पंप, बुडबुड्यांचं मशीन असं सगळं दाखवून पाहिलं. मामा म्हणाले, "पान्याला मशीन कशाला? पानी काय आजारी हाय?" त्यांची पद्धत वेगळी. रोज सकाळी दात घासायच्याही आधी ते ओंजळीत पाणी घेतात, हुंगतात, एक थेंब जिभेवर ठेवतात आणि निकाल देतात. पाणी जड असेल तर त्या दिवशी माशांना उपास. हलकं असेल तर कणकेच्या गोळ्या आणि उकडलेले वाटाणे. कुमुदाची पानं किती ठेवायची, शेवाळ कुठलं काढायचं, सगळं मामा ठरवतात. खंड्या आणि बगळे येऊ नयेत म्हणून त्यांनी तळ्यावर आडवंतिडवं सूत ताणलंय. ते भिवंडीच्या पॉवरलूमवरचं टाकाऊ सूत, आणि त्याला लूमच्याच रिकाम्या कांड्या बांधलेल्या. वारा आला की कांड्या खडखडतात आणि बगळा बिचारा गणेशपुरीच्या दिशेने निघून जातो. दुकानदाराने हे बघितलं आणि पंप विकायचा नाद सोडला.

राग म्हणाल तर मामा तसे गरीब माणूस. मामींनी वाट्टेल ते बोलावं, हे हसतात. पण तळ्याचं काही निघालं की विचारू नका! परसाला लागूनच्या रस्त्यावरून कंटेनर जातात, त्यांचे हॉर्न वाजले की मासे तळाशी जाऊन बसतात. म्हणून मामांनी फाटकावर पाटी लावली, 'हॉर्न मत बजाओ, मछली आराम में है.' एका ड्रायव्हरने पाटी वाचून मुद्दाम हॉर्न दिला, वर जळती विडी तळ्यात टाकली. मामांनी मोटारसायकल काढून त्याला पुढच्या पूर्णा गावापर्यंत जाऊन गाठला आणि परत आणून ती विडी त्याच्याच हाताने पाण्यातून काढायला लावली. "चाचा, इतना गुस्सा? तलके खानेवाले हो क्या इनको?" असं त्याने विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "खानेका नय, देखनेका हय! बैठ, देख!" तो बसला, बघितलं, चहा पिऊन गेला. आता तो दर फेरीला गाडी बाजूला लावून पाच मिनिटं तळ्याकाठी बसतो.

आता या तळ्यातल्या मास्तराबद्दल सांगायला हवं. मामांची एकुलती एक मुलगी पूर्णाच्या गोडाऊनमध्ये बिलिंगला लागली, तेव्हा पहिल्या पगारातून तिने बापासाठी एक मासा आणला. दुकानात सगळे झगमगीत असताना हिने निवडला तो राखाडी, पाठीवर निळसर झाक, बघायला अगदी ओढ्यातला वाटावा असा. "याला कोनीच घेत न्हवतं," हे तिचं कारण. मामांनी त्याच्या तोंडाशी लोंबणाऱ्या दोन मिश्या बघितल्या, मग माझ्या बघितल्या, आणि म्हणाले, "हा तं आपला मास्तर!" मी भिवंडीच्या शाळेत गणित शिकवतो आणि माझ्या मिशीला फारसे केस नाहीत, हे खरं आहे. त्या दिवसापर्यंत मामा मला मास्तरच म्हणायचे. घोटाळा नको म्हणून ते नाव माशाला गेलं आणि मी नुसता जावयबापू झालो. मामांनी तीन टाळ्या वाजवून "मास्तर!" अशी हाक दिली की तो सगळ्यांच्या आधी वर यायचा आणि काठाशी मामांच्या हातात गाल टेकवून थांबायचा. मी दोनदा चुकून ओ दिली होती. मामांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

मागच्या वर्षी मुलीने लग्नाचं ठरवलं. मुलगा तिच्याच गोडाऊनमधला, खाडीकाठच्या गावचा, सरळ आणि कष्टाळू. अडचण होती ती त्याच्या वडिलांची. माणूस लाखाचा, पण मानी इतका, की थोरल्याचं जमत आलेलं लग्न त्यांनी 'चहा पुढे केला, पण बसा म्हणाले नाहीत' एवढ्यावर मोडलं होतं. पोरीने बापाला बजावलं, "बाबा, त्यांच्यासमोर एक शबूद वाकडा गेला तं माजं लगीन गेलं समजा." मामांनी तळ्याकडे हात करून शपथ घेतली.

लग्नाची बोलणी करायच्या दिवशी सकाळी व्याही आले. मामांनी त्यांना आधी बसवलं, मग चहा दिला, मग तळं दाखवलं. इथवर उत्तम. पण कौतुक ऐकून मामा खुलले आणि आपलं दुःख सांगून बसले, की मागच्या पावसात शेताच्या पाण्याबरोबर एक जंगली मासा तळ्यात शिरलाय, पिल्लं खातो, आणि काही केल्या हाती लागत नाही. "कोनी त्याला काढून दिला तं जन्माचे उपकार होतील," हे मामांचे शब्द मी माझ्या कानांनी ऐकले. त्यानंतर मामा आणि मी गावातल्या चार मोठ्या माणसांना बोलवायला गेलो. बायका स्वयंपाकघरात होत्या. मामांकडे मासे शिजत नाहीत म्हणून जेवायला मटण आणि तांदळाच्या भाकरी. खाडीकाठचा माणूस येणार आणि पानात मासा नाही, ही हुरहूर मामींना सकाळपासून लागलेली होतीच.

तासाभराने आम्ही परतलो तर व्याही परसातल्या धुण्याच्या दगडावर हात धूत होते. चेहरा आनंदाने फुललेला. "पाव्हनं, तुमचं काम करून टाकलं! रंगीत येकाला पन धक्का न्हाय लावला, तुमचा जीव हाय त्यांच्यात. त्यो राखाडी शिरलेला, त्योच बरोबर उचलला. गाडीतून पाग आनली व्हती, पन जालं टाकायची गरजच न्हाय पडली. मी काठावर बसलो तं आपसूक हाताशी आला! साफ करून वहिनींना दिलाय."

राखाडी म्हणजे आमचा मास्तर! मी मामांचा दंड धरला. विडी टाकणाऱ्याला पूर्णापर्यंत गाठणारा हा माणूस आता काय करील याचा नेम नव्हता. मामा तळ्याकडे बघत राहिले. बघता बघता त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी उभी होती. तिच्या हातात ताट होतं आणि डोळ्यांत पाणी. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात मामांनी तिच्याकडे बघून मान हलवली. नको. मग व्याह्यांकडे वळून म्हणाले, "लई उपकार झाले. चला, पानं वाढलीत."

पंगत बसली. मामींनी तळलेल्या तुकड्यांचं ताट आणलं आणि मामांना वगळून पुढे जायला लागल्या. व्याही थबकले. "यांना न्हाय?" मामा म्हणाले, "वाढ की. मधला मोठा वाढ." सात वर्षांनी त्यांनी घास घेतला. सावकाश चावला, गिळला, आणि म्हणाले, "मीठ इलुसं कमी हाय, बाकी झकास." व्याह्यांनी मांडीवर थाप मारली. "तुम्ही मासं सोडलंत असं ऐकलेलं मी! माज्या हातचा खाल्लात, आता नातं तुटत न्हाय. आता दर वर्सी येऊन तलं साफ करून देतो!" मामांना जोराचा ठसका लागला. मी पाणी दिलं. त्यांच्या डोळ्यांतून वाहत होतं, आणि सगळ्यांना ठसक्याचंच वाटलं.

रागाने भांडणारे पुष्कळ बघितलेत मी, पण एवढं गिळून हसणारा माणूस दुसरा बघितला नाही. लग्न थाटात झालं. हळदीला मामा इतके नाचले की मामींना त्यांना खुर्चीत बसवावं लागलं. व्याह्यांना खरी गोष्ट आजही माहीत नाही. मामांनी सगळ्यांना ताकीद दिलीय, "सांगायचं न्हाय. मानूस चांगल्या मनानं वागला." मुलीकडे गेले की व्याही आग्रह करतात आणि मामांना तिथे मासे खावे लागतात. एरवी पुन्हा बंद आहेत. तो जंगली मासा अजून तळ्यातच आहे, पण मामा त्याची तक्रार आता कुणापाशी करत नाहीत.

लग्नानंतरच्या पहिल्या रविवारी मी गेलो होतो. घर अगदी गप्प होतं. मामा काठावर बसलेले, मांडीवर कणकेच्या गोळ्यांची ताटली. त्यांनी तीन टाळ्या वाजवल्या. लाल, केशरी, पांढरे, अकराच्या अकरा वर आले आणि पाणी ढवळून निघालं. मामांनी सगळ्यांना भरवलं. एक गोळी हातात राहिली. ती ते बोटांत नुसती फिरवत बसले. वरच्या सुतावर कांड्या खडखडल्या. मी मागे उभा होतो.

मागे न बघताच मामा म्हणाले, "बसा, मास्तर."

मी ओ दिली आणि त्यांच्याशेजारी काठावर बसलो.