माझे हातमोजे आणि सुरेशची बोटं

मंडळी, आज सकाळी धुळ्याच्या बसस्टँडवर सुरेश दिसला. तिथे शेंगदाणे विकतो.

१९९२ साली आम्ही दोघं एका वर्कशॉपमध्ये लेथ मशीन चालवायला शिकत होतो. शिकवणारे नाना रोज बजावायचे, "फिरत्या मशीनपाशी हातमोजे घालायचे नाहीत."

एका सकाळी थंडीने सुरेशची बोटं आखडली होती. नाना अजून आले नव्हते. मीच माझे हातमोजे त्याला दिले. मोजा मशीनच्या चकमध्ये, लोखंडाचा तुकडा धरून फिरणाऱ्या भागात, अडकला आणि त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"हे मोजे कोणाचे?" नानांनी नंतर विचारलं. मी मान खाली घातली. सुरेश म्हणाला, "मनाच शेतस." माझेच आहेत.

मी लेथ चालवणारा टर्नर झालो, कारखान्यात कायम झालो. त्याला कुठल्याच मशीनवर कोणी घेतलं नाही.

आज मी त्याची माफी मागितली. डाव्या हाताने पुडी बांधत तो म्हणाला, "आते काय उपयोग, भाऊ?" आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळला.

नाना कधीच वारले. खरं सांगायचं तरी कोणाला?

इतक्या उशिरा तुमच्यापैकी कोणी माफी मागितली आहे का? समोरच्याला तिचा काही उपयोग झाला?