मन्सूरी गादी भांडारचा जुना नंबर

नीलिमा बोबाटे नेमकं काय काम करते, हे बल्लारपुरात कुणालाच धड सांगता यायचं नाही. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "कॉम्प्युटरचं काईतरी करते." नवरा प्रणित शाळेत क्लार्क. तो म्हणायचा, "दुकानाईचे पत्ते धुऊन देते." त्यातल्या त्यात प्रणितचंच बरोबर होतं.

आता मोबाइलवर दुकान शोधायचं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नाव टाकलं की नकाशावर खूण येते, खाली फोन नंबर, लोकांनी दिलेले तारे. पण एकाच दुकानाच्या चार-चार नोंदी सापडल्या, एकीत जुना पत्ता, दुसरीत भलताच नंबर, तर ते यंत्रही बिचारं गोंधळतं. ते अशा दुकानाला खाली ढकलतं आणि कालपरवा उघडलेल्या कुणाला तरी वर बसवतं. नीलिमा या जास्तीच्या नोंदी शोधून एकत्र करायची. सगळीकडे एकच नाव, एकच पत्ता, एकच नंबर. ऐकायला सोपं वाटतं. करून पाहा म्हणावं.

कारण आपल्याकडे हा घोळ कुणी वाईट बुद्धीनं करत नाही, मायेपोटी करतो. जावई नवा फोन घेतो. सासऱ्याचं दुकान नकाशावर दिसत नाही असं त्याला वाटतं. दिसत असतं, पण त्यानं नीट पाहिलेलं नसतं. मग तो हौसेनं नवी नोंद घालतो आणि नंबर स्वतःचा देतो, कारण मामंजींना फोन उचलायचा कंटाळा. पुढच्या वर्षी हेच काम पुतण्या करतो. जुनी नोंद मात्र कुणी काढत नाही. लग्नपत्रिकेत एकाही काकाचं नाव गाळता येत नाही, तशातली गत.

नीलिमा या कामाकडे वळली ती रागातून. तिची आई सुगंधाबाई गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातली, धानाची शेती करणारी. डोळ्यांना दिसेनासं झालं म्हणून एकदा एकटीच एसटीनं चंद्रपूरला आली. डॉक्टरचा पत्ता नीलिमानंच मोबाइलवर पाहून फोनवर सांगितला होता. डॉक्टर तिथून केव्हाच दुसरीकडे गेलेले. सुगंधाबाई मे महिन्याच्या उन्हात या गल्लीतून त्या गल्लीत फिरल्या आणि तपासणी न करताच गावी परतल्या. "दवाखाना सापडला नाई तर का झालं, पुढच्या खेपी पाहू," एवढंच त्या म्हणाल्या. त्या काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. न बोलल्यामुळे नीलिमाला ते अजून डाचतं.

म्हणून तिची एक रीत होती. ती घरी बसून कुठलीही नोंद दुरुस्त करत नसे. स्कूटी काढायची, दुकानासमोर जाऊन उभं राहायचं, पाटी आपल्या डोळ्यांनी वाचायची, गिऱ्हाईक दुकानदाराला कोणत्या नावानं हाक मारतं ते ऐकायचं. आणि कोणताही नंबर पुसायच्या आधी तो एकदा लावून पाहायचा. पलीकडून कोण बोलतं ते ऐकल्याशिवाय ती नंबराला हात लावत नसे. प्रणित तिला चिडवायचा, "नंबराचा बी निरोप समारंभ करून राह्यली का?" ती म्हणायची, "हो. तू चहा ठेव."

शफी मन्सूरींच्या दुकानाचं काम तिच्याकडे आलं ते त्यांच्या बायकोमुळे, सुलतानामुळे. नीलिमाच्या नणंदेच्या लग्नातल्या गाद्या शफींनीच भरल्या होत्या. आमच्या भागात लेकीला आंदणात गादी आणि रजई द्यायचीच, मग बाकी काही असो-नसो. शफींचं घराणंच कापूस पिंजणाऱ्यांचं. वडील थंडीच्या दिवसांत पिंजायची धनुकली खांद्यावर टाकून गावोगाव फिरायचे, लोकांच्या अंगणात बसून रजया भरून द्यायचे. पुढे त्यांनी स्टेशनजवळ दुकान टाकलं, मन्सूरी गादी भांडार. वडील गेले, ते दुकान गेलं आणि शफींनी बस स्टँडच्या मागे नवं मांडलं.

"मले जाहिरात नाई पायजे," शफींनी पहिल्या दिवशीच सांगितलं. माणूस तिरसट, पण सुई हातात असली की चेहरा निवळायचा. "आमची गादीच आमची जाहिरात हाये."

"जाहिरात नाई, शफीभाऊ," नीलिमा म्हणाली. "लोक तुमाले शोधत स्टेशनपाशी जातात. तिथी आता मोबाइलचे कव्हर विकतात."

सुलताना मागून म्हणाली, "खरं सांगा न त्यायले. मागच्या हिवाळ्यात काय झालं ते."

मागचा हिवाळा कोरडा गेला होता. आष्टी, आल्लापल्ली, एटापल्लीकडची माणसं बसमधून उतरायची, नकाशा पाहून स्टेशनकडे जायची आणि तिथून फोमच्या गाद्यांच्या दुकानात शिरायची. हाही हंगाम तसाच गेला तर शफी शटर ओढणार होते आणि चंद्रपूरच्या एका फोमवाल्याकडे रोजानं कामाला लागणार होते. बोलणं तसं पक्कं झालंच होतं. ज्या हातांनी वडिलांची धनुकली धरली ते हात आता फोम कापणार, हे सुलतानानं नवऱ्यासमोरच सांगितलं. शफी टाका घालत राहिले.

"तरी थोडे लोक येते," ते जरा वेळानं म्हणाले. "कुठून पत्ता काढते कोण जाणे. अल्लाची मेहेरबानी."

नीलिमा कामाला लागली. इथंही जावयाची नोंद निघाली, तिच्यात खूण राहत्या घरावर. पुतण्याच्या नोंदीत दुकानाचं नाव वेगळंच. या सगळ्या दूर करायला वेळ लागला, पण डोकं खर्चावं लागलं नाही. राहिली ती सगळ्यात जुनी नोंद, स्टेशनजवळच्या दुकानाची. तिच्यावर वर्षांनुवर्षांचे तारे होते, गिऱ्हाइकांनी चार शब्द लिहिलेले होते, लग्नातल्या गाद्यांचे फोटो होते. ती पुसली असती तर शफींची सगळी कमाईच पुसली गेली असती. तीच ठेवायची, फक्त पत्ता आणि नंबर बदलायचे, असं नीलिमानं ठरवलं.

"हा नंबर कोणाचा?" तिनं विचारलं.

शफींनी मान वर केली नाही. "बंद हाये तो. पुसून टाक."

सुलतानानं नीलिमाकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली.

नीलिमानं बाहेर येऊन, स्कूटीवर बसून नंबर लावला. दुसऱ्याच घंटीला कुणीतरी उचलला.

"गादी पायजे का?" वयस्क, शांत आवाज. "स्टेशनपाशी जाऊ नका, ते दुकान आता नाई. बस स्टँडच्या मागं जा. शफी मन्सूरी, निळं शटर. हात त्याचा अगदी आमच्या अब्बासारखा हाये. कापूस त्याच्यापाशी चांगला भेटते, भेसळ नाई करत तो." जरा थांबून आवाज पुढे म्हणाला, "अन् माझं नाव सांगू नका. म्हणजे, कोणी पाठवलं ते सांगू नका."

नीलिमानं वळून दुकानाकडे पाहिलं. शटर हिरवं होतं.

दुसऱ्या दिवशी सुलतानाकडून पत्ता घेऊन ती वर्धा नदीचा पूल ओलांडून राजुऱ्याच्या बाजूला गेली. जाहिद मन्सूरी हे शफींचे थोरले भाऊ, कोळसा खाणीत नोकरीला, तिथल्याच क्वार्टरमध्ये राहायला. ती जुनी नोंद त्यांनीच केली होती, त्यांच्याच फोनवर, वडील हयात असताना. त्यांनी होकार दिल्याशिवाय ती शफींच्या हाती येणार नव्हती. असे होकार द्यायला लोक महिनोन्‌महिने झुलवतात, हे नीलिमाला माहीत होतं. ती भांडायच्या तयारीनंच गेली होती.

जाहिदभाऊंनी तिला खुर्ची दिली, चहा सांगितला, फोन पुढे केला. "काय दाबायचं ते दाब. सारं त्याचंच हाये."

भांडणाची तयारी वाया गेली. नीलिमा जरा खजील होऊनच बटणं दाबू लागली. तेवढ्यात तेच आपणहून बोलले. स्टेशनजवळच्या दुकानाचं छत बसत चाललं होतं, मालकाला ते पाडायचं होतं, त्यानं किल्ल्या मागितल्या. शफी तेव्हा धनुकली घेऊन एटापल्लीच्या पुढच्या खेड्यांत गेलेला. वडिलांची रीत तो तेवढी पाळत होता. जाहिदभाऊ फोन लावत राहिले, पण तिकडे टॉवर नाही, फोन लागेना. शेवटी त्यांनी सामान काढलं आणि किल्ल्या देऊन टाकल्या. शफी परत आला तो रिकाम्या दुकानासमोर. भावानं आपल्या माघारी बापाचं दुकान मोडलं, एवढंच त्याला दिसलं.

"तुमी सांगितलं नाई का, फोन लावला म्हणून?"

"सांगितलं. पण बाई, वाट पाहाले पायजे होती मी. मालक थांबला असता चार दिवस. माझंच चुकलं." त्यांनी चहाची कपबशी सरळ केली. "माझा नंबर काढून टाक आता. त्याचा टाक. दिवसाआड एखादा फोन येते गादीचा. तेवढंच दुकानाचं नाव कानावर पडते. पण आता त्याले गिऱ्हाईक पायजे, मले नाव घेऊन काय करायचं."

नीलिमाला फार वाईट वाटलं. शटर आता हिरवं आहे, हे सांगायला तिनं तोंड उघडलं होतं. चुकीची माहिती दुरुस्त करणं हेच तर तिचं काम. पण ही एक चूक तिनं तशीच राहू दिली. ती आपण दुरुस्त करायची नाही, असं तिला वाटलं.

जुनी नोंद आता शफींची झाली होती. नीलिमानं बस स्टँडमागची खूण टाकली, पाटीचा नवा फोटो टाकला, दुकानासाठी घेतलेला नवा नंबर पहिल्या जागी भरला. खाली आणखी एका नंबराची जागा रिकामी होती. त्यात काय लिहायचं, हे ठरवण्याचा तिला हक्क नव्हता.

दुपारी ती दुकानात गेली तेव्हा शफी एका नवरीच्या रजईला काठ लावत होते. सुलताना कापूस सारखा करत होती.

"सारं झालं, शफीभाऊ. जुन्या नंबराचं तेवढं ठरवायचं राह्यलं."

"मंग पुस न."

"माझी एक रीत हाये. लावून पाहाल्याबिगर मी काई पुसत नाई. आज तुमी लावा. दुकानाच्या नव्या फोनवरून."

"बंद हाये म्हणून सांगितलं न तुले."

"बंद असन तर काय जाते? वाजणारच नाई."

शफी चिडले. "काऊन उगाच..." म्हणत त्यांनी सुलतानाकडे पाहिलं, ती काही बोलेल म्हणून. तिनं कापसातून हात काढला, फोन उचलला, नंबर लावला आणि आवाज मोठा करून त्यांच्यासमोर रजईवर ठेवला. इतक्या वर्षांत नवऱ्याला न विचारता तिनं असं काही केल्याचं नीलिमाला तरी ऐकून माहीत नव्हतं.

दुसऱ्याच घंटीला फोन उचलला गेला.

"गादी पायजे का? स्टेशनपाशी जाऊ नका, ते दुकान आता नाई." नवा नंबर कुणाचा, हे जाहिदभाऊंना कुठून कळणार? ते आपले नेहमीसारखं सांगत होते. "बस स्टँडच्या मागं जा. शफी मन्सूरी. हात त्याचा अगदी आमच्या अब्बासारखा हाये."

शफींच्या हातातली सुई जिथल्या तिथे राहिली. अल्लाची मेहेरबानी कोणत्या नंबरावरून येत होती, ते त्यांना आता कळलं. डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

"ऐकू येते का?" फोनमधला आवाज म्हणाला. "निळं शटर. बस स्टँडच्या मागं, निळं शटर."

शफी फोनकडे वाकले.

"निळं नाई राह्यलं आता," ते म्हणाले. "हिरवं केलं."

पलीकडे खाणीतून सुटलेल्या एखाद्या ट्रकचा आवाज तेवढा ऐकू आला.

"कधी केलं?" जाहिदभाऊंनी विचारलं.

"मागच्या ईदले."

"बरं," जाहिदभाऊ म्हणाले. "आता हिरवं सांगत जाईन."

नीलिमानं आपला मोबाइल काढला आणि रिकाम्या राहिलेल्या जागेत तो जुना नंबर परत भरला.